लीग जिंकली, तरी प्रमोशन नाही! जर्मनीच्या चौथ्या डिव्हिजनचं हे गणित नेमकं काय आहे?

बोर्डात पहिला नंबर काढला, तरी पुढच्या वर्गात जाण्यासाठी दुसऱ्या बोर्डाच्या पहिल्या नंबराशी पुन्हा परीक्षा. त्यात नापास झालात, तर त्याच वर्गात बसा. ऐकायला विचित्र वाटतं ना? जर्मन फुटबॉलच्या चौथ्या डिव्हिजनमध्ये मात्र दरवर्षी हेच घडतं. २०२४-२५ च्या सीझनमध्ये त्याचा फटका बसला लोकोमोटिव्ह लाइपझिग या क्लबला.

आधी रचना समजून घ्या

जर्मनीत सगळ्यात वर बुंडेसलिगा, मग दुसरी बुंडेसलिगा, मग २००८ साली सुरू झालेली तिसरी लिगा. या तिन्ही देशपातळीवरच्या लीग आहेत. चौथ्या पायरीवर मात्र देशाचे तुकडे पडतात. २०१२ पासून इथे पाच प्रादेशिक लीग आहेत: उत्तर, ईशान्य, पश्चिम, नैऋत्य आणि बायर्न म्हणजेच बव्हेरिया. या सगळ्यांना मिळून 'रेगिओनाललिगा' म्हणतात.

अडचण साधी आहे. लीग पाच, म्हणजे चॅम्पियन पाच. पण तिसऱ्या लिगामधून दरवर्षी खाली येतात चारच क्लब. म्हणजे वर जागाही चारच.

मग पाचव्याचं काय होतं?

सध्याच्या नियमानुसार पश्चिम आणि नैऋत्य या दोन लीगच्या चॅम्पियनना दरवर्षी थेट प्रमोशन मिळतं. क्लब आणि संघांची संख्या तिथे जास्त, हे त्यामागचं कारण. तिसरी थेट जागा उत्तर, ईशान्य आणि बायर्न यांच्यात पाळीपाळीने फिरते. उरलेले दोन चॅम्पियन दोन सामन्यांचा प्लेऑफ खेळतात. जिंकेल तो वर, हरेल तो आहे तिथेच.

२०२४-२५ मध्ये पाळी बायर्नची होती. त्यामुळे श्वाइनफुर्ट थेट वर गेला. पश्चिमेतून एमएसव्ही ड्यूसबुर्ग आणि नैऋत्येतून होफेनहाइमचा दुसरा संघ गेला. हा होफेनहाइमचा राखीव संघ, आणि राखीव संघांना तिसऱ्या लिगाच्या वर खेळताच येत नाही. तरीही त्याची जागा पक्की होती. ईशान्येचा चॅम्पियन लाइपझिग आणि उत्तरेचा चॅम्पियन टीएसव्ही हाफेल्से यांना मात्र एकमेकांशी भिडावं लागलं.

लाइपझिगमधला पहिला सामना १-१ असा बरोबरीत सुटला. परतीच्या सामन्यात हाफेल्सेने जादा वेळेत ३-० अशी बाजी मारली. दहा महिन्यांची मेहनत दोन सामन्यांत संपली.

लाइपझिगची जखम जुनी का?

हा क्लब साधासुधा नाही. क्लब स्वतःला ज्या व्हीएफबी लाइपझिगचा वारस मानतो, तो १९०३ साली जर्मनीचा पहिला राष्ट्रीय चॅम्पियन ठरला होता. पूर्व जर्मनीच्या काळात, १९८७ मध्ये, लोकोमोटिव्ह युरोपियन कप विनर्स कपच्या फायनलपर्यंत पोहोचला आणि आयाक्सकडून ०-१ ने हरला.

२०२० मध्येही लाइपझिग ईशान्येचा चॅम्पियन होता. तेव्हा प्लेऑफमध्ये समोर एससी फेर्ल आला. पश्चिमेत अव्वल असलेल्या क्लबने वरच्या लीगच्या लायसन्ससाठी अर्जच केला नव्हता, म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या फेर्लला संधी मिळाली. निकाल २-२ आणि १-१. लाइपझिग एकही सामना हरला नाही. पण परक्या मैदानावरचे गोल फेर्लचे जास्त होते. उपविजेता वर गेला, चॅम्पियन खालीच राहिला.

एनर्जी कॉटबुसचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. एकेकाळी बुंडेसलिगा खेळलेला हा क्लब २०२३ मध्ये ईशान्येत पहिला आला, पण प्लेऑफमध्ये उंटरहाखिंगकडून हरला. २०२४ मध्ये पुन्हा पहिला आला आणि थेट वर गेला. फरक इतकाच की यावेळी पाळी ईशान्येची होती.

फरक फक्त प्रतिष्ठेचा आहे का?

नाही. तिसऱ्या लिगामध्ये देशभर दिसणारं प्रक्षेपण, टीव्हीचा पैसा आणि मोठे प्रायोजक असतात. चौथ्या पायरीवर यातलं फारच थोडं पोहोचतं. शिवाय प्लेऑफ खेळणाऱ्या क्लबला दोन बजेट तयार ठेवावी लागतात: वर गेलो तर एक, राहिलो तर दुसरं. कोणते खेळाडू टिकतील, हेही त्या दोन सामन्यांवर ठरतं.

मग नियम बदलत का नाही?

उपाय दोन, आणि दोन्हीला विरोध. पहिला, पाचही चॅम्पियनना वर घ्या. पण मग २० संघांच्या तिसऱ्या लिगामधून पाच क्लब खाली पाठवावे लागतील, म्हणजे दर चारातला एक. तिथल्या क्लबना हे कसं पटणार? दुसरा, पाचाच्या चार लीग करा. पण मग कुठला तरी प्रदेश तोडावा लागेल. ईशान्य लीगमध्ये बर्लिन आणि पूर्वीच्या पूर्व जर्मनीची राज्यं येतात. तिथले जुने शेजारी, जुनी वैरं आणि भरलेली स्टेडियम हीच तिची ताकद आहे. बायर्नलाही स्वतःची लीग सोडायची नाही.

२०२५ मध्ये ईशान्येतल्या क्लबनी 'चॅम्पियन वर गेलाच पाहिजे' अशी मोहीम उघडली आणि इतर भागांतले क्लबही त्यात सामील झाले. मागणी कुणालाच चुकीची वाटत नाही. भांडण आहे ते एवढंच, की त्याची किंमत कुणी मोजायची?