माइक तोंडाशी, पण तिरपा

सोलापुरात सात रस्त्यासारख्या चौकात सभा घ्यायची म्हणजे चहूकडून येणाऱ्या रहदारीच्या वरताण आवाज काढायचा. म्हणून वक्ता माइक ओठांना टेकवतो आणि ‘बंधू आणि भगिनींनो’ म्हणताना ‘भ’पाशी स्पीकरमधून धप्पकन दणका येतो. लोक माइकला नावे ठेवतात आणि साउंडवाला वक्त्याला हळू बोलायला सांगतो. खरे तर हा दणका हवेचा असतो. ‘प, फ, ब, भ’ म्हणताना मिटलेल्या ओठांमागे दाब साठतो आणि ओठ उघडताच हवेचा झोत सरळ समोर सुटतो. माइकमधला पातळ पडदा एरवी आवाजाच्या लहरींनी अगदी सूक्ष्म हलतो. झोत आदळला की तो एकदम ढकलला जातो. सभेतले बहुतेक माइक समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेणारे असतात. अशा माइकना झोत जास्त बाधतो, शिवाय तोंड जवळ आले की त्यांत खर्जही फुगतो. जुन्या पत्र्याच्या कर्ण्यांतून इतका खालचा खर्ज निघतच नसे. आताचे बेसचे खोके तो चौकभर पोचवतात.

यावर ‘जपून, हळू बोला’ हा सल्ला मराठीत फारसा उपयोगी नाही. तळहात ओठांसमोर धरून आधी ‘पळ’ म्हणा, मग ‘फळ’. दुसऱ्या वेळी हाताला झुळूक लागते, पहिल्या वेळी जेमतेम. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ जोरात हवा सोडतो, म्हणून तिकडचे मार्गदर्शक त्यालाच दोषी धरतात. मराठीत खरा धोका ‘फ’ आणि ‘भ’ या ओठांवरच्या महाप्राणांचा. ‘ख, घ, थ, ध’ यांतही हवा सुटते, पण ती ओठांच्या मागून निघत असल्याने तिचा मारा तुलनेने सौम्य असतो. ही हवा आवरली तर अर्थच बदलतो: ‘भार’चा ‘बार’ होतो आणि ‘फळ’चे ‘पळ’. सोलापुरात कानावर पडणाऱ्या कन्नड-तेलुगूत महाप्राण मुख्यतः संस्कृतातून आलेल्या शब्दांत येतात आणि रोजच्या बोलण्यात अनेकदा सौम्य होतात. मराठी निवेदकाला ती सवलत नाही. ‘फलाट’ आणि ‘भाविक’ हे शब्द त्याला ठणठणीतच म्हणावे लागतात. तेव्हा बदल तोंडात करण्यापेक्षा माइकच्या जागेत करावा.

गोंगाटात माइक दूर धरला तर ऐकू कसे जाणार, ही शंका रास्त आहे. पण येथे अंतरापेक्षा दिशा महत्त्वाची. आवाज तोंडातून सगळीकडे पसरतो, झोत मात्र जवळपास सरळ जातो. म्हणून माइक ओठांच्या कोपऱ्याशी आणून तिरपा तोंडाकडे वळवला, की झोत त्याच्या बाजूने निघून जातो आणि जवळीक तशीच राहते. जाळीचा गोळा मात्र मुठीत धरू नये. त्याने माइकची दिशा पकडण्याची क्षमता बिघडते आणि शिट्टी वाजू लागते.

दुसरा आक्षेप असा, की स्पंजची टोपी घाला किंवा मिक्सरवर खर्ज गाळणारे लो-कटचे बटण दाबा, म्हणजे काम झाले. दोन्हींचा उपयोग होतो. स्पंज झोताचा जोर मोडतो, स्टुडिओतली नायलॉनची जाळी तर तो आणखी चांगला पसरवते. पण ओठ टेकलेले असतील तर स्पंजही अपुरा पडतो. लो-कट 80 हर्ट्झच्या आसपास ठेवला तर दणक्याचा बराच भाग गळतो. तो फार वर नेला तर पुरुषी आवाज पोकळ होतो, कारण त्याचा मूळ स्वर बहुधा 85 ते 155 हर्ट्झमध्ये असतो. शिवाय झोत इतका जोराचा असेल की माइकपाशीच आवाज फाटला, तर पुढचे कोणतेही बटण तो सांधू शकत नाही. हे उपाय जोडीला ठेवावेत, पण सुरुवात माइकच्या कोनापासून करावी. वक्ता बदलला की त्याच्या उंचीप्रमाणे स्टँड हलवून माइक तिरपा करण्याचे काम आयोजकांनी एखाद्या कार्यकर्त्याकडे सोपवावे. त्याला पैसा लागत नाही आणि भाषणातला एकही ‘भ’ गमवावा लागत नाही.