आजीच्या लुगड्यातली जनाबाई

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप पडतो तो नेहमी अगदी तोंडावर. आषाढीची बालदिंडी आहे, पाल्यांना संतांच्या वेशभूषेत पाठवावे, आणि खाली यादी : विठ्ठल, रखुमाई, ज्ञानेश्वर, मुक्ताबाई, तुकाराम, जनाबाई. जिंतूर तालुक्यातल्या बोरीत हे दिवस पेरणी उरकल्यानंतरचे. कापूस-सोयाबीन बोटभर वर आलेलं, बायका सकाळीच खुरपणीला गेलेल्या. त्यामुळे निरोप वाचला जातो तो रात्री, भाकरी झाल्यावर. मग पत्र्याची पेटी उघडते.

परभणीला भाड्याने पोशाख मिळतात. ते चमकतात खरे, पण त्यात ज्ञानेश्वर कोणता आणि श्रावणबाळ कोणता, हे लेकराच्या आईलाच सांगावं लागतं. घरी केलेल्या वेशाचं तसं नसतं. आपले संत कपड्यावरून ओळखायचेच नाहीत मुळी, ते हातातल्या वस्तूवरून ओळखायचे. सावता माळ्याला खुरपं, गोरोबांना चिखल, सेना महाराजांना आरसा, नरहरी सोनारांना हातोडी, जनाबाईला जातं. आणि यातल्या बऱ्याच वस्तू बोरीसारख्या गावात घरोघर असतात. खुरप्याच्या पात्याला तेवढी चिंधी घट्ट गुंडाळायची, की झाला अरणचा सावता तयार. गोरोबांना तर काहीच लागत नाही. आषाढात आमच्या काळ्या रानात पाय ठेवला, की तेरचा कुंभार गुडघ्यापर्यंत आपोआप होतो.

कॅथलिक लोकांतही हेच आहे. 1 नोव्हेंबरला त्यांचा सर्व संतांचा सण असतो, त्या सुमाराला कित्येक ठिकाणी लेकरांना संत करून चर्चमध्ये नेतात. पेत्राच्या हातात किल्ल्या, योसेफाच्या हातात सुताराचा गुण्या, असिसीच्या फ्रान्सिसला तपकिरी झगा आणि कमरेच्या दोरीला तीन गाठी. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया त्याच फ्रान्सिसच्या पंथातले. 1597 साली जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवून भाल्याने मारलं आणि 1862 मध्ये संतपद मिळालं. त्यांचा वेश करायचा तर तोच तपकिरी झगा, जोडीला क्रूस. झगा जुन्या पडद्यातूनही निघेल, पण क्रुसावाचून ते गोन्सालो ठरणार नाहीत.

आता जनाबाईचं. ती आमच्या जिल्ह्याची, गंगाखेडची. म्हणून यादीत ती कुणाच्या वाट्याला येते याकडे आमच्याकडे जरा जास्तच लक्ष असतं. पहिलीतल्या मुलीला नऊवारी नेसवायची तर साडी आजीच्या पेटीतून काढावी, आईच्या कपाटातून नव्हे. आईच्या साड्या सिंथेटिक. त्यांच्या निऱ्या घसरतात, प्रत्येक निरीला टाचणी मारावी लागते आणि ती टाचणी पुढे कुठे टोचेल ते सांगता येत नाही. आजीचं सुती लुगडं धुऊन धुऊन मऊ पडलेलं असतं, हाताने दाबलेली घडी तशीच राहते. लुगड्याचा पन्हा लेकराच्या कमरेपासून घोट्यापर्यंतच्या उंचीहून कितीतरी मोठा. तो कापायचा नाही. वरचा भाग आत दुमडायचा, म्हणजे खालचा काठ घोट्यावर जसाच्या तसा दिसतो. दुमडीवर मोठे टाके घालायचे, एका ओढीत उसवतील असे. काष्टा मागे खोचून भागत नाही, तो परकराच्या नाडीला शिवून टाकायचा. आणि नेसवायच्या आधी पोरीला लघवीला पाठवायचं. दिंडी निघाल्यावर तो प्रश्न फार अवघड होतो.

जनाबाईच्या अंगावर काय घालावं, यावर दरवर्षी वाद ठरलेला. आईला वाटतं ठुशी घालावी, नथ घालावी, फोटो काढायचा असतो. शेजारच्या आजीबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "जनी दासी होती ना माय, तिला सोनं कुठलं?" आजीबाईंचं खरं आहे. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी बाई ती. काळा मणी, हिरव्या काचेच्या बांगड्या आणि तुळशीची माळ, एवढं पुरे. तरी नथ आलीच. फोटोपुढे आजीबाईंचं चालत नाही.

जातं मात्र खरं नेता येत नाही, लेकराला ते हलणारही नाही. पुठ्ठ्याच्या चार-पाच चकत्या एकावर एक चिकटवून दोन पाळ्या करायच्या आणि राख-कोळसा खळीत कालवून त्यांवर फासायचा. रंगाच्या डबीतला करडा रंग आणला तर ते जातं प्लॅस्टिकचं वाटतं. राखेचा लेप वाळला की दगडासारखा खरबरीत दिसतो. मधे लाकडी खुंटा, आणि वरची पाळी फिरली पाहिजे. फिरली नाही तर मुलगी दोन मिनिटांत कंटाळते. फिरली तर दिंडी शाळेत परत येईपर्यंत दळत राहते.

विठ्ठलाचा मुकुट लग्नपत्रिकांचा करतात, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उन्हाळ्याची लगीनसराई नुकतीच संपलेली, जाड, सोनेरी छपाईच्या पत्रिकांची चळत कोनाड्यात पडूनच असते. मुकुट, माशाच्या आकाराची कुंडलं, गळ्यातला कौस्तुभ, सगळं त्यातून निघतं. आतल्या बाजूला कुणाच्या तरी मामांचं नाव आणि "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" असलं काही राहतं, ते विठ्ठलाच्या केसांत झाकलं जातं. वरून पारदर्शक चिकटपट्टी हवीच. आषाढातली भुरभुर आली तर नुसता कागद फुगतो. चेहऱ्याला निळा रंग फासण्याची एक नवी हौस आली आहे, ती मला पटत नाही. पंढरीचा देव सावळा आहे आणि आमची निम्मी पोरं उन्हाने तशीच झालेली असतात.

खरी कसरत तुकारामांच्या पगडीची. तुकाराम कसे दिसत होते, हे आपण बहुतेक जण प्रभातच्या 1936 सालच्या चित्रपटातल्या विष्णुपंत पागनिसांवरून ठरवलं आहे. कॅलेंडरवाल्यांनीही त्याच वळणाचे तुकाराम घरोघर टांगले. त्यामुळे पगडी जराशी चुकली तरी बघणाऱ्याला लगेच कळतं. गावातल्या शिलाईवाल्या ताईंची रीत अशी : लेकराच्या डोक्याच्या मापाची पुठ्ठ्याची पट्टी, तिच्या आत जुनी सुती टोपी शिवून घ्यायची, म्हणजे घाम टिपला जातो आणि पट्टी कपाळाला काचत नाही. मग जुन्या धोतराच्या हातभर रुंद पट्ट्यांना पीळ घालायचा आणि टोपीभोवती थरावर थर बसवत जायचं, प्रत्येक थराला खालून टाका. स्टीलचा डबा उपडा घालून त्यावर हे काम केलं की आकार गोल राहतो. पीळ फार घट्ट झाला तर पगडी दोरखंडासारखी दिसते, सैल राहिला तर आजारी माणसाच्या डोक्याला बांधल्यासारखी. ताई बोलत बोलत पीळ घालतात, आणि मधेच न बघता उलगडून पुन्हा घालतात.

दाढ्यांचा मात्र अतिरेक होतो. घराघरात वातीसाठी ठेवलेला कापूस असतोच. सरकी काढून तो पिंजला, मलमलच्या तुकड्यावर पसरून चिकटवला आणि कानात अडकवायला दोरे लावले की झाली दाढी. इतकी सोपी, की सगळ्याच संतांना लागते. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये समाधी घेतली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते, तुकोबाही पन्नाशीपर्यंत पोचले नाहीत. पांढरी दाढी द्यायचीच तर नामदेवांना द्या, ते ऐंशी वर्षं जगले. तेही इकडचेच, नरसीचे. नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण 1999 पर्यंत हिंगोली परभणीतच होती.

यादीत कोण नसतं, तेही एकदा बघण्यासारखं आहे. चोखोबा क्वचित येतात, सोयराबाई त्याहून क्वचित, आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद तर कुठल्याच यादीत मी पाहिलेले नाहीत. वर्गात अयान, सानिया असतात, ती टाळ घेऊन वारकरी होतात, छान नाचतात. पण मराठीत 'योगसंग्राम' लिहिणारा संत त्यांच्यातल्या एकाला करायला काय हरकत आहे? साधन म्हणाल तर एक पोथी आणि एक घोंगडी. दोन्ही घरात सापडतात.

सकाळी शेवटी गंध. गोपीचंदन सहाणेवर उगाळून नाकाच्या शेंड्यापासून वर उभं ओढायचं, ते वाळू द्यायचं आणि मगच बुक्का लावायचा. घाई केली की दोन्ही मिसळून कपाळावर राखाडी डाग उरतो.

दिंडी संपली की त्याच दुपारी उसवायला बसायचं. लुगडं आजीला परत, धोतराच्या उरलेल्या पट्ट्या पोतेऱ्यांत. मुकुट माळ्यावर जातो, गोकुळाष्टमीला त्यात मोरपीस खोवलं की कृष्णाला चालतो. तेच लुगडं 3 जानेवारीला सावित्रीबाईंसाठी पुन्हा निघणार, तेव्हा पदर डोक्यावर आणि हातात जात्याऐवजी पुस्तक. 12 जानेवारीला जिजाऊ, तेव्हा नथ बिनवादाची. पगडी कुणी उसवत नाही. पलीकडच्या गल्लीतल्या एकीने पुढच्या आषाढीसाठी ती आताच मागून ठेवली आहे, फक्त तिच्या मुलाचं डोकं मोठं आहे, तेव्हा मागच्या बाजूने चिरून त्यात इलास्टिक घालावं लागेल.