आरशात न दिसणारी किल्ली

दिवाळी तोंडावर आली, की इतरांच्या घरी पाहुणे येतात. माझ्याकडे बिघाड येतात. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी छोट्या संस्थांचे संगणक सांभाळणे हा माझा व्यवसाय. एरवी महिनोन्महिने निमूट चालणारी यंत्रे नेमकी सणाच्या आदल्या दिवशी का रुसतात, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही. मात्र २०२३ सालच्या दिवाळीत जो प्रसंग आला, त्यात यंत्राचा दोष थोडा आणि माझा अधिक होता. म्हणूनच ती हकीकत सांगतो.

त्या वर्षी ९ नोव्हेंबरला, गुरुवारी, वसुबारस होती. सकाळी सात वाजता एका पतसंस्थेच्या मॅनेजरसाहेबांचा फोन आला.

"अहो, असाल तसे या. रात्री वीज गेली होती. आता सर्व्हर उठतच नाही."

सर्व्हर म्हणजे संस्थेचा मुख्य संगणक. सगळी खाती, सगळ्या ठेवी, पिग्मी एजंटांनी रोज गोळा केलेली पै न् पै त्याच्या पोटात. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. वर्षभर साठवलेली दिवाळी ठेव त्या दिवशी सभासदांना परत द्यायची, हा संस्थेचा शिरस्ता. त्यापुढचा दिवस दुसरा शनिवार म्हणून सुटीचा आणि रविवारी तर लक्ष्मीपूजन. थोडक्यात, शुक्रवार चुकला तर दिवाळी चुकली!

"काही घाबरू नका," मी म्हटले. "आत दोन डिस्क आहेत. एक गेली तरी दुसरी आहे."

हे वाक्य मी त्यांना पूर्वीही अनेकदा ऐकवले होते. त्याचा अर्थ आधी सांगितला पाहिजे.

संगणकातला मजकूर ज्या तबकडीवर साठतो ती डिस्क. ती कधी ना कधी बिघडणार, हे ठरलेलेच. म्हणून महत्त्वाच्या यंत्रात दोन डिस्क बसवतात आणि प्रत्येक नोंद दोन्हींवर एकाच वेळी लिहिली जाईल अशी योजना करतात. एखादा कारकून दोन्ही हातांनी दोन वह्यांत एकच जमाखर्च लिहीत बसला आहे, अशी कल्पना करा. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. एका मोठ्या महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क जोडून काम कसे भागवावे, याच्या पाच पायऱ्या त्यात मांडल्या होत्या. त्यातली पहिली पायरी हीच. तिला आमच्या धंद्यात 'मिरर' म्हणतात, म्हणजे आरसा.

मी चहाही न घेता संस्थेत पोचलो. यंत्र चालू केले, तर पहिल्या डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येऊ लागला. तो आवाज ओळखीचा होता. डिस्क संपली होती. मी ती सोडवून बाजूला ठेवली आणि मोठ्या ऐटीत एकट्या दुसऱ्या डिस्कवर यंत्र चालू केले.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ उमटली. तिचा भावार्थ असा, की ज्यावरून सुरुवात करता येईल अशी डिस्क सापडत नाही.

मी पुन्हा बटण दाबले. पुन्हा तीच ओळ. मॅनेजरसाहेब माझ्या पाठीशी उभे होते. ते काही बोलले नाहीत. पण त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

आता हे असे का व्हावे? संगणक बंद असतो तेव्हा त्याची कामाची स्मृती कोरी असते. वीज मिळाली, की मुख्य पाटीवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला ना तुमची खाती ठाऊक, ना ठेवी. त्या जुन्या पद्धतीच्या यंत्रात तो एवढेच करतो, की डिस्कच्या अगदी सुरुवातीचे ५१२ बाइट, म्हणजे ५१२ अक्षरे म्हणा, वाचून घेतो. त्यातली ४४६ सुरुवातीच्या प्रोग्रॅमसाठी, ६४ डिस्कच्या भागांच्या कोष्टकासाठी आणि शेवटची दोन खूण पटवण्यासाठी. ४४६ अक्षरे म्हणजे पोस्टकार्डभर मजकूर! तो आपल्याहून थोड्या मोठ्या प्रोग्रॅमला उठवतो, तो आणखी मोठ्याला आणि असे करत सगळे घर जागे होते. बुटाच्या मागच्या पट्ट्या धरून स्वतःलाच वर उचलण्याची एक गमतीची कल्पना इंग्रजीत आहे, तिच्यावरून या क्रियेला 'बूट' होणे म्हणतात. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रात हे उठवण्याचे काम बहुधा 'ग्रब' नावाचा प्रोग्रॅम करतो.

मेख पुढेच आहे. आमचा आरसा संपूर्ण डिस्कचा नव्हता. डिस्कवर आखलेल्या एका मोठ्या भागाचा होता. ग्रबचे पोस्टकार्ड त्या भागाच्या बाहेर, अगदी उंबरठ्यावर असते. ग्रबचा दुसरा तुकडा नव्या धाटणीच्या आखणीत एका वेगळ्या चिमुकल्या भागात ठेवावा लागतो, तोही बाहेरच. आरसा बिचारा आपल्या चौकटीत असेल तेवढेच दाखवतो. घरातले सगळे सोने त्याने इमानाने दुप्पट करून ठेवले होते; दाराची किल्ली मात्र त्याला कधी दिसलीच नव्हती. ती एकट्या पहिल्या डिस्कवर होती आणि तिच्याबरोबरच गेली.

ही किल्ली दुसऱ्या डिस्कवर ठेवण्याचे काम कोणाचे होते? माझेच. २०२२ साली याच यंत्राची दुसरी डिस्क बिघडली, तेव्हा ती मीच बदलली होती. नव्या डिस्कवर मी एक मोठा भाग आखला, तो आरशाला जोडला आणि जुना मजकूर त्यावर उतरण्याची वाट पाहत बसलो. दोन्ही डिस्क ठीक असल्या की दोन 'यू' अक्षरे शेजारी शेजारी दिसतात. ती दिसली, मी चहा घेतला आणि बिलावर 'काम पूर्ण' असे लिहून घरी गेलो. वर्षभर ते यंत्र पहिल्या डिस्कवरून उठत होते आणि मी निश्चिंत होतो.

दहाच्या सुमारास दार किलकिले करून एक आजी आत डोकावल्या. मंडईत भाजी विकतात. पिग्मी एजंटाकडे रोज वीस रुपये भरत आलेल्या. नातीचा पहिला दिवाळसण होता. जावयाला अंगठी घालायची होती.

"उद्या मिळतील नव्हं पैसे?" त्यांनी विचारले.

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहिले.

"मिळतील, आजी. पैसे आत हायेत. दाराची कडी तेवढी अडकलीय."

"मग काढा की कडी," म्हणून त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

आता कामाला लागणे भाग होते. बाहेरच्या डिस्कवर शनिवारची नक्कल होती. पण रविवारपासूनच्या चार दिवसांच्या नोंदी या एका डिस्कशिवाय कुठेच नव्हत्या. म्हणून पहिले काम दुरुस्तीचे नव्हे, जपणुकीचे. लिनक्स भरलेल्या पेनड्राइव्हवरून मी यंत्र चालू केले, अर्धा आरसा जुळवला आणि तो फक्त वाचण्यापुरता उघडला. सगळी खाती जागच्या जागी होती! ती एका वेगळ्या डिस्कवर उतरवून होईपर्यंत मी दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. या धंद्यात घाईने दुरुस्ती करताना जितका मजकूर बुडतो, तितका मूळ बिघाडानेही बुडत नसेल.

मग पेनड्राइव्हवरूनच मूळ यंत्रणेच्या घरात शिरलो आणि ग्रब बसवण्याची आज्ञा दिली. तिने साफ नकार दिला. मी पुन्हा दिली, पुन्हा नकार. जबरदस्तीची आज्ञा देऊन पाहिली, तीही चालेना. दुपारचे दोन वाजले. भुकेची जाणीव नव्हती, घाम मात्र येत होता.

अखेर मी खुर्ची मागे सरकवली आणि तो नकार पहिल्यापासून शांतपणे वाचला. त्यात सारे सांगितलेले होते: या डिस्कच्या आखणीत ग्रबसाठी राखलेला भाग नाही, तेव्हा मी बसू कोठे? सकाळपासून यंत्र मला कारण सांगत होते आणि मी त्याच्यावर नुसता आवाज चढवत होतो.

पण जागा आणायची कुठून? सगळी डिस्क तर त्या एका मोठ्या भागाने व्यापली होती. मी आखणीचा नकाशा काढून पाहिला. डिस्कचे ५१२ बाइटांचे कप्पे शून्यापासून मोजतात. ० ते ३३ या कप्प्यांत पोस्टकार्डाची जागा आणि आखणीचे कोष्टक. माझा मोठा भाग सुरू होत होता २०४८व्या कप्प्यापासून, कारण आखणीची साधने मोजमाप सोयीचे व्हावे म्हणून सुरुवातीला सुमारे एक मेगाबाइट मोकळे सोडतात. म्हणजे ३४ ते २०४७ हे २०१४ कप्पे रिकामे! हिशेब केला: १०,३१,१६८ बाइट. ग्रबच्या तुकड्याला ती जागा मुबलक होती.

अडचण एवढीच, की चार दिवसांच्या नोंदींची मूळ प्रत ज्या डिस्कवर, तिच्याच कोष्टकात खाडाखोड करायची. शिवाय आणखी एक फसगत टाळायची होती. पहिली डिस्क काढल्यामुळे दुसरीला आता पहिलीचे नाव मिळाले होते. त्यात पेनड्राइव्ह आणि नकलेची डिस्क यांची भर. नावावर विसंबलो असतो, तर भलत्याच डिस्कवर हात चालला असता. मॅनेजरसाहेबांनी गुडघ्यांवर बसून, बॅटरीच्या उजेडात डिस्कच्या चिठ्ठीवरचा अनुक्रमांक एकेक अक्षर करून वाचला आणि मी तो पडद्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. दोनदा.

मग आरसा बंद केला. त्या रिकाम्या कप्प्यांत चिमुकला भाग आखला, त्यावर ग्रबची खूण केली, कोष्टक पुन्हा वाचून घेतले आणि आरसा पुन्हा उघडला. खाती होती तशीच होती. ग्रब बसवण्याची तीच आज्ञा पुन्हा दिली. क्षणभर काहीच नाही. आणि मग: काम पुरे झाले, चूक आढळली नाही.

पेनड्राइव्ह काढला, यंत्र बंद केले आणि पुन्हा चालू केले. ग्रबची यादी पडद्यावर आली. पुढे यंत्र बराच वेळ थबकून राहिले. गेलेल्या जोडीदाराची वाट पाहत होते म्हणा ना! अखेर एकट्याने उठायचे ठरवून ते उठले. संध्याकाळचे सात वाजले होते. बाहेर कोणाच्या तरी अंगणात गायवासराला ओवाळण्याची लगबग चालू होती. आजी केव्हाच घरी गेल्या होत्या.

शुक्रवारी ठेवींचे वाटप झाले. मी मुद्दाम जाऊन कोपऱ्यात उभा होतो. आजींनी नोटा दोनदा मोजल्या, पिशवीत घातल्या आणि जाता जाता मला म्हणाल्या, "निघाली म्हणायची कडी!"

मॅनेजरसाहेबांना मी २०२२ सालची माझी चूक सांगून टाकली. ते म्हणाले, "मग आता असं करा, की पुन्हा मला तुमच्या शब्दावर विसंबावं लागू नये." बोलणे लागले, पण खरे होते.

दिवाळीनंतर नवी डिस्क आणली. या वेळी आखणी हाताने केली नाही. चिमुकल्या भागासकट जुन्या डिस्कवरची जशीच्या तशी उतरवून घेतली आणि डिस्कची ओळख सांगणारे अंक तेवढे नवे दिले. आरसा भरला. ग्रब दोन्ही डिस्कवर बसवला. मग, जे २०२२ साली केले नव्हते ते केले. यंत्र बंद करून एक डिस्क सोडवली आणि एकटीवर ते उठते का, हे पाहिले. उठले. सोडवलेली परत जोडली, आरसा पुरता भरून दोन्ही 'यू' दिसू दिले आणि मगच दुसरी सोडवली. ही मधली वाट पाहणे फार महत्त्वाचे. ती न पाहता आज ही, उद्या ती अशी चालवली, तर दोन्ही वह्यांत दोन वेगळे जमाखर्च तयार होतात आणि खरा कोणता हे ठरवणे अशक्य होऊन बसते.

नव्या यंत्रांत ४४६ अक्षरांच्या पोस्टकार्डाची गरज उरलेली नाही. तिथे उठवण्याचा प्रोग्रॅम एका छोट्या स्वतंत्र भागात साध्या फाइलच्या रूपाने असतो. पण तो भागही सहसा आरशाबाहेरच राहतो. तो दोन्ही डिस्कवर ठेवावा लागतो आणि दोन्ही ठिकाणे यंत्राला सांगून ठेवावी लागतात.

तेव्हापासून दरवर्षी वसुबारसेच्या आदल्या आठवड्यात मी त्या संस्थेत जातो. कामकाज संपल्यावर मॅनेजरसाहेब खुर्ची ओढून शेजारी बसतात. मी आधी बाहेरच्या डिस्कवर नक्कल घेतो, मग एक डिस्क सोडवून यंत्र चालू करतो. ते थबकते. आम्ही दोघेही काही बोलत नाही. ते उठले, की साहेब शिपाईमामांना चहा सांगतात.

तो चहा मी लगेच घेत नाही. दुसरी डिस्क तपासायची राहिलेली असते.