यंत्राने वाचावयाची उत्तरपत्रिका : तयारी आणि दक्षता

शिष्यवृत्तीच्या परीक्षेपासून ते नोकरभरतीच्या परीक्षेपर्यंत अनेक ठिकाणी आता उत्तरे लिहावयाची नसतात. पर्यायांसमोरील वर्तुळे काळी करावयाची असतात. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा मराठीसह तेरा भाषांतून घेतली जाते. २०२५ साली या परीक्षेत १८० प्रश्न व ७२० गुण होते आणि सारी उत्तरे अशाच एका कागदावर नोंदवावयाची होती. हा कागद माणूस वाचत नाही, यंत्र वाचते. म्हणून तो यंत्राला वाचता येईल अशा स्थितीत ठेवणे हे विद्यार्थी, पर्यवेक्षक आणि परीक्षा कार्यालय या तिघांचेही कर्तव्य ठरते.

यंत्र काय पाहते?

उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र ही अगदी नवी गोष्ट नव्हे. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील शिक्षक रेनॉल्ड जॉन्सन यांच्या कल्पनेवरून आयबीएम कंपनीने १९३८ च्या सुमारास असे यंत्र प्रचारात आणले. शिसपेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते, या गुणधर्मावर ते चालत असे. आजची यंत्रे विजेऐवजी प्रकाशाचा उपयोग करतात. कोरा कागद प्रकाश परतवितो, काळी खूण तो शोषून घेते. या फरकावरून कोणते वर्तुळ भरले आहे हे ठरते. वर्तुळांच्या कडा पुष्कळदा गुलाबी वा केशरी रंगात छापतात, कारण विशिष्ट प्रकाशात तो रंग यंत्राला दिसत नाही. कागदाच्या कडेच्या लहान काळ्या पट्ट्या मात्र त्यास दिसतात व त्यांवरून प्रत्येक ओळीची जागा निश्चित होते. या पट्ट्यांजवळ कोणतीही खूण होता कामा नये.

यंत्राला विद्यार्थ्याच्या मनातील उत्तर कळत नाही. फिकट खूण त्याच्या लेखी कोरी ठरू शकते. एका प्रश्नाची दोन वर्तुळे काळी दिसली, तर ते उत्तर सामान्यतः ग्राह्य धरले जात नाही.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

पेन की पेन्सिल, हे सूचना वाचूनच ठरवावे. काही जुनी यंत्रे अवरक्त प्रकाशावर चालत. पेन्सिलीची खूण त्यांना दिसे, परंतु बॉलपेनाची अनेक प्रकारची शाई दिसत नसे. आता बहुतेक मोठ्या परीक्षांत बॉलपेनच सांगितलेले असते आणि मग खाडाखोडीस वाव उरत नाही.

बैठक क्रमांकाबाबत मराठी माध्यमाच्या मुलांनी विशेष सावध असावे. मराठी एकाचा आकडा इंग्रजी नवासारखा, तर मराठी चाराचा इंग्रजी आठासारखा दिसतो. घाईत चुकीचे वर्तुळ भरले गेले, तर चौकटीत लिहिलेला अंक बरोबर असूनही यंत्र वर्तुळच वाचते. प्रश्नपुस्तिकेच्या संचाचे वर्तुळ चुकल्यास तर सर्व उत्तरे दुसऱ्याच संचाच्या उत्तरसूचीने तपासली जाण्याचा धोका असतो.

एखादा प्रश्न सोडताना त्याची ओळही सोडावी. तसे न झाल्यास पुढची सारी उत्तरे एका ओळीने सरकतात. ‘नीट’च्या पद्धतीत बरोबर उत्तरास चार गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो, म्हणजे प्रत्येक सरकलेल्या बरोबर उत्तरामागे पाच गुणांचे नुकसान संभवते. दर पाच प्रश्नांनंतर क्रमांक पडताळण्याची सवय शिक्षकांनी शाळेतच, नमुना उत्तरपत्रिकेवर लावावी.

केंद्रावर व कार्यालयात

पारंपरिक उत्तरपुस्तिकांना दोरा बांधण्याची व टाचण्या लावण्याची जुनी सवय येथे घातक ठरते. छिद्र, घडी किंवा टाचणी यांमुळे कागद यंत्रात अडकतो वा तिरका जातो. सर्व पत्रिका एकाच दिशेने लावाव्यात, हजेरीपत्रकाशी त्यांची संख्या जुळवावी आणि गठ्ठा सपाट, घट्ट वेष्टनात पाठवावा.

कोकण व गोव्यासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यातील ओल हाही मोठा अडथळा असतो. दमट कागद एकमेकांस चिकटतात व दोन पत्रिका एकदम आत जातात. यासाठी गठ्ठे कोरड्या खोलीत ठेवून, वाचनापूर्वी पत्रिका हाताने सुट्या कराव्यात. फाटलेली पत्रिका चिकटपट्टी लावून यंत्रात घालू नये. दोन कर्मचाऱ्यांनी मिळून तिची नोंद स्वतंत्रपणे करावी.

वाचन सुरू करण्यापूर्वी उत्तरे आधीच ठाऊक असलेल्या काही पत्रिका यंत्रातून काढून निकाल ताडून पाहावा. यंत्राने नाकारलेली प्रत्येक पत्रिका माणसाने डोळ्यांखालून घालावी. वाचलेल्या पत्रिकांची संख्या आरंभीच्या मोजणीशी जुळल्याखेरीज काम पूर्ण झाले असे मानू नये.

जेथे उत्तरपत्रिकेची दुय्यम प्रत परीक्षार्थीस मिळते, तेथे ती जपून ठेवून उत्तरसूचीशी ताडून पाहावी व शंका असल्यास विहित मुदतीत लेखी हरकत नोंदवावी.

यंत्र पक्षपात करीत नाही. पण त्याच्यापुढे ठेवलेल्या कागदातील चूक ते दुरुस्तही करीत नाही. ती टाळणे माणसांच्याच हाती आहे, आणि खेड्यातील मुलाच्या परिश्रमांस योग्य न्याय मिळणे त्यावरच अवलंबून आहे.