पडद्यावरचे आपले गाव

आपल्याकडे हौशी नट म्हटला की लोकांना त्याचे कौतुक वाटते. दिवसभर कचेरीत कारकुनी करावी, संध्याकाळी सायकल मारीत तालमीला जावे आणि प्रयोगाच्या रात्री डिंकाने मिशी चिकटवून औरंगजेब व्हावे, असा एखादा तरी गृहस्थ प्रत्येकाच्या ओळखीत असतो. 1954 साली राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि या हौसेला सरकारदरबारीही मान मिळाला. पण हाच गृहस्थ उद्या म्हणाला की, "मी एक लहानसा चित्रपट काढतो आहे," तर लोक आधी त्याच्या तोंडाकडे पाहतात आणि मग त्याच्या खिशाकडे! नाटक हौसेने करावे आणि सिनेमा पैशाने, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे.

ही वाटणी इतिहासाला धरून नाही. मराठी माणसाचे चित्रपटाशी जडलेले पहिले नाते हौसेचेच होते. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, हे व्यवसायाने छायाचित्रकार. या नव्या खेळाने त्यांना झपाटले. 21 गिनी मोजून त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि 1899 साली हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पहिलवानांची कुस्ती चित्रित केली. फिल्म धुण्याची सोय इथे नव्हती. ती पुन्हा विलायतेला पाठवावी लागली. एका कुस्तीसाठी एवढा सातासमुद्रांचा प्रवास करविणाऱ्या माणसाला हौशी म्हणायचे नाही, तर कोणाला?

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट तर आपण शाळेपासून ऐकत आलो आहो. पण 'राजा हरिश्चंद्र'च्या आधीचा त्यांचा एक उद्योग पुष्कळांना ठाऊक नसतो. 1912 साली भांडवल देणाऱ्याची खात्री पटविण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ, रोज थोडे थोडे करीत, त्या अंकुराची वाढ टिपली. जेमतेम मिनिटभराची ती फिल्म. पडद्यावर दाणा फुटला, कोंब वर आला, वेल डोलू लागला, आणि भांडवल उभे राहिले. पुढे 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी तारामतीच्या कामासाठी स्त्री मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडे नेसावे लागले. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करून सरस्वतीबाई फाळके रात्री फिल्मला भोके पाडीत बसत. 3 मे 1913 रोजी लोकांपुढे आलेला तो चित्रपट असा घरच्या घरी, आप्तेष्टांच्या जिवावर उभा राहिला होता.

मग ही हौस मध्येच आटली कशी? उत्तर पैशाचे आहे. हौशी लोकांसाठी म्हणून 8 मिलिमीटरची फिल्म 1932 साली निघाली. तिचे 25 फुटांचे रीळ आधी एका बाजूने आणि मग उलटून दुसऱ्या बाजूने चालवायचे. धुतल्यावर मधोमध कापून जोडायचे. एवढे करून हाती लागत 50 फूट, म्हणजे पडद्यावरची चार मिनिटे, तीही मुकी. त्यातही घरगुती कॅमेऱ्यात बहुधा जी फिल्म घालीत, तीच धुतल्यावर पडद्यावर दाखवायची असे. तिची दुसरी प्रत नसे. दाखविताना ओरखडा उठला तर तो कायमचा. त्यामुळे हा नाद संस्थानिक, डॉक्टर, बडे अधिकारी अशा थोड्या लोकांपुरता राहिला. मुंबईत 1937 साली हौशी चित्रपटवाल्यांची 'अ‍ॅमॅच्युअर सिने सोसायटी' निघाली, तिच्यामागे 'इलस्ट्रेटेड वीकली'चे संपादक स्टॅन्ले जेप्सन होते. यावरून त्या काळी हा नाद कोणत्या वस्तीत नांदत होता, ते दिसून येते. गिरणगावातल्या किंवा मागावरच्या माणसाच्या हाती कॅमेरा यायला पुढे व्हिडिओचा काळ उजाडावा लागला. आणि तो आला तेव्हा हौशी चित्रपटाने पुन्हा बाळसे धरले ते मुंबईपुण्यात नव्हे, तर नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात.

मालेगाव म्हणजे यंत्रमागांचे गाव. दिवसरात्र मागांची खडखड, हवेत कापसाचा तूस, अरुंद गल्ल्या, आणि शुक्रवारी सगळे माग बंद. या शुक्रवारी मागावरचा माणूस दोन गोष्टी करतो : नमाजाला जातो आणि सिनेमाला जातो. वर्तमानपत्रांतून मालेगावचे नाव आपण वाचले ते बहुधा दंगलींच्या आणि 2006 व 2008 सालच्या बॉम्बस्फोटांच्या संदर्भात. त्याच गावात नासिर शेख नावाचे एक गृहस्थ लहानसे व्हिडिओगृह चालवीत. चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली यांचे चित्रपट दाखवता दाखवता, व्हिडिओच्या दोन यंत्रांवर तुकडे जोडता जोडता त्यांना संकलनाचे तंत्र उमगत गेले. कोणी गुरू नाही, शाळा नाही. मग त्यांनी मित्र जमविले आणि लग्नाच्या वराती टिपणाऱ्या साध्या कॅमेऱ्यावर 2000 साली 'मालेगाव के शोले' हा चित्रपट काढला.

मूळ 'शोले'तले डाकू घोड्यावरून येतात. मालेगावचे डाकू सायकलवरून आले. आगगाडीचा पाठलाग परवडण्याजोगा नव्हता, म्हणून बस आली. उंचावरून चित्रण करायचे तर क्रेन पाहिजे. तिच्याऐवजी बैलगाडी उलार करून तिच्या एका टोकावर कॅमेरावाल्याला बसविले. सरकता कॅमेरा हवा, तर सायकल होतीच. गावातल्या मुली कॅमेऱ्यापुढे येणे शक्य नव्हते, त्यामुळे नायिका परगावाहून आणावी लागे. फाळक्यांच्या साळुंक्यांची इथे आठवण झाल्याखेरीज राहात नाही. नव्वद वर्षांनंतरही हौशी माणसापुढची अडचण तीच होती! खर्च काही हजारांचा. चित्रपट लागला तो नासिरभाईंच्याच व्हिडिओगृहात, आणि तिथे गर्दी लोटली.

कोणी म्हणेल, यात नवल काय? ही तर नक्कल. माझा धंदा मराठी कविता शिकविण्याचा असल्यामुळे या आक्षेपाला उत्तर देण्याचा मोह मला आवरत नाही. आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले' लिहिली, तिला आपण नक्कल म्हणतो काय? विडंबनाची पहिली अट अशी की, मूळ कविता वाचकाला तोंडपाठ असली पाहिजे. दुसरी अशी की, त्या चौकटीत कवीने आपल्या अवतीभवतीचे जग बसविले पाहिजे. मालेगावच्या प्रेक्षकाला 'शोले' पाठ होता. पडद्यावर त्याला दिसला तो मात्र आपला नाका, आपली गल्ली, आपली बोली, आणि डाकूच्या वेषात आपल्या शेजारचा मागवाला. लक्षावधी रुपये खर्चून मुंबईच्या चित्रपटाला जे साधले नव्हते, ते या काही हजारांच्या चित्रपटाने साधले. ज्या माणसाला पडद्यावर आपले तोंड कधी दिसले नव्हते, त्याला ते दिसले.

या मंडळींची सर्वात गाजलेली गोष्ट 'सुपरमॅन'ची. आकाशात उडणारा अमेरिकेतला तो महाबली मालेगावात आला तेव्हा तो झाला शफीक शेख नावाचा मागावर काम करणारा काडीपैलवान. अंगात निळा सदरा, त्यावर आखूड चड्डी, तिची नाडी बाहेर लोंबते आहे, पायात रबरी चपला. गावच्या धुळीने या सुपरमॅनला दम लागतो. त्याचा शत्रूही मालेगावचाच : घाणीवर प्रेम करणारा आणि तंबाखूच्या नादाला लोकांना लावणारा. फैजा अहमद खान यांनी या खटाटोपावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा अनुबोधपट 2008 साली तयार केला आणि 2012 साली तो चित्रपटगृहांतही लागला. त्यात आपल्याला दिसते की, मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो आणि काम थांबते. मध्येच नायकाचे लग्न निघते आणि पुन्हा काम थांबते. उडण्याचे दृश्य घ्यायचे तर नायकाला आडवा धरून गाडीवरून न्यायचे. सगळे हसत असतात. पाहणारा तर हसून हसून बेजार होतो.

पण ते हसू नंतर ओठांवर थिजते. पडद्यावर तंबाखूशी झुंजणाऱ्या शफीकला प्रत्यक्षात तोंडाचा कर्करोग झाला, आणि 2011 साली तो गेला. मागावरची मजुरी ती केवढी, आणि त्यातून या रोगाचा खर्च तो कसा निघावा! अशा माणसाचे मागे काय उरते? शिधापत्रिकेवरचे नाव, एखादे लग्नातले छायाचित्र. शफीक मात्र निळा सदरा घालून अजून उडतो आहे. 2024 साली रीमा कागती यांनी या मित्रमंडळावर 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट काढला, तो टोरांटोच्या महोत्सवात दाखविला गेला आणि 2025 साली आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला. ज्या मुंबईची मालेगावने विडंबने केली, तिनेच मालेगावची गोष्ट पडद्यावर आणली. त्या मुलांच्या डोक्यात मात्र हा हिशेब कधीच नसावा. त्यांना शुक्रवारी आपल्या गावाला हसवायचे होते, एवढेच.

आता आपल्याकडे वळू. सावेदादांच्या वेळी कॅमेरा विलायतेहून येई. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे. माझ्या वर्गातल्या साठ मुलांपैकी साठांकडे तो असतो, आणि त्यात आवाजही टिपला जातो. चार मिनिटांची चिंता कोणाला उरलेली नाही. या सोयीतून काही अस्सल निपजतेही. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला शिकत असताना 2009 साली केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे आपण जाणतोच. पण एरवी काय दिसते? मुलगा चार दिवस खपून सात मिनिटांचा लघुपट करतो आणि दूरदेशीच्या अनोळखी लोकांपुढे टाकतो. ते अर्धा मिनिट पाहतात आणि अंगठ्याने पुढे सरकवितात. त्याच्या शेजारच्या घरातल्या म्हातारीला, जिने त्यात आजीचे काम केलेले असते, तिला तो पाहायला मिळतच नाही!

एकदा एका विद्यार्थ्याने मला असाच एक लघुपट हातातल्या त्या लहानशा चौकोनात दाखविला. त्याचे वडील एस्. टी.त वाहक होते. निवृत्तीच्या शेवटच्या दिवशी ते तिकिटाची पेटी परत करायला जातात, एवढीच गोष्ट. मी म्हणालो, "वडिलांनी पाहिला का?" तो म्हणाला, "नाही, सर. त्यांना काय कळणार त्यातले?" मग आम्ही एका शनिवारी कॉलेजच्या खोलीत भिंतीवर चादर लावली, वीस-पंचवीस मंडळी जमविली, आणि वडिलांना पहिल्या बाकावर बसविले. लघुपट संपल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "पेटी जमा करताना मी सही आधी केली होती, पेटी नंतर दिली. तुझं उलटं झालंय." मुलगा खाली मान घालून हसला, पण मी पाहिले, त्याचे डोळे भरले होते. पुढच्या आठवड्यात त्याने ते दृश्य पुन्हा चित्रित केले.

चित्रपट मंडळाची गरज ती हीच. नाटकाला प्रेक्षक समोर असावाच लागतो, म्हणून हौशी नाटक गावोगाव टिकले. चित्रपट प्रेक्षकावाचूनही पुरा झाल्यासारखा वाटतो, आणि तिथेच हौशी माणूस फसतो. मंडळाला खर्च फारसा नाही. शाळेची एक खोली, एक पांढरी चादर, कोणाकडून तरी मागून आणलेले चित्रक्षेपक यंत्र. महिन्याचा एक शनिवार. दहा मिनिटांहून मोठा लघुपट नाही. आणि दाखविणाऱ्याने शेवटी उभे राहून लोकांचे ऐकायचे, वाद घालायचा नाही. पहिले चार महिने सगळे लघुपट वाईट निघतील. पाचव्या महिन्यात कोणीतरी आपल्या गल्लीतला न्हावी, आपली पाणपोई, आपल्या आजीचा जात्यावरचा हात असा दाखवील की, रोज पाहूनही तो आपण कधी पाहिलाच नव्हता असे वाटेल.

दिवाळीत घरोघरी मुलेबाळे येतात, चार दिवस गप्पा होतात आणि सगळी पुन्हा आपापल्या गावी पांगतात. यंदा फराळाची ताटे उचलल्यावर एका संध्याकाळी भिंतीवर चादर लावून पाहा. खिशातल्या यंत्रात साठवून ठेवलेले काही ना काही प्रत्येकाकडे असतेच. ते सर्वांनी मिळून पाहावे, त्यात चुका काढाव्यात, हसावे. आणि घरातले वडीलधारे माणूस, "तसं नव्हतं रे, असं होतं," म्हणून सांगू लागले, तर कोणीतरी कॅमेरा त्यांच्याकडे वळवावा.