ती मुळी फांगजी नव्हतीच

१९९०च्या सुमारास ब्रसेल्समधल्या एका क्लिनिकनं वजन उतरवण्याच्या कॅप्सूलमध्ये दोन चिनी वनौषधींची पूड घालायला सुरुवात केली. दोनेक वर्षांत तिथं उपचार घेणाऱ्या बायकांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. १९९३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पहिल्या ९ जणींची नोंद छापून आली. पुढं आकडा शंभरावर गेला.

कागदोपत्री त्या पुडीत फांगजी, म्हणजे स्टेफानिया टेट्रान्ड्रा या वेलीची मुळी होती. ही वेल आपल्या गुळवेलीच्या कुळातली. तपासणीत मात्र बहुतेक नमुन्यांत स्टेफानियातलं टेट्रान्ड्रीन सापडलंच नाही. सापडलं ते अॅरिस्टोलोकिक आम्ल. मिसळली गेली होती ग्वांग फांगजी, आपल्याकडच्या ईश्वरीच्या कुळातली. चीनच्या बाजारात दोन्ही मुळ्या फांगजी म्हणूनच विकल्या जात. हे आम्ल मूत्रपिंडं तर नासवतंच, शिवाय कर्करोगही घडवतं. २०००च्या अहवालानुसार, मूत्रपिंडं व मूत्रनलिका काढून टाकलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला.

औषधी मुळीचा दर्जा म्हटलं की आपण जाडी, रंग, कीड, ओल पाहतो. ते पाहायलाच हवं, पण त्याआधीचा प्रश्न एकच: ही तीच वनस्पती आहे का? चिनी जाणकार अख्खी मुळी हातात घेऊन ते सांगतात. खरी फांगजी वजनदार, वेडीवाकडी. वाकणांवर आडव्या खोल खाचा असतात, म्हणून व्यापारी तिला डुकराच्या आतड्याची उपमा देतात. मोडली की आत पांढुरकी, पिठूळ, मधून जाणाऱ्या रेषा विरळ. ही नजर वर्षानुवर्षं माल हाताळूनच येते आणि मला तिचं मोल फार वाटतं. पण मुळी दळली की ही सगळी खूण पुसली जाते. पुडीपुढं अनुभवी हातही हतबल होतो.

तिथं सूक्ष्मदर्शक कामी येतो. ग्वांग फांगजीच्या पुडीत कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांचे झुबके दिसतात. फांगजीत ते बारीक, सुटे असतात. शेवटचा निवाडा रसायनाचा: टेट्रान्ड्रीन असायलाच हवं, अॅरिस्टोलोकिक आम्ल नसायलाच हवं. नुसतं टेट्रान्ड्रीन मोजून भागत नाही, कारण दोन्ही मुळ्यांची भेसळ असेल तर तेही सापडतंच.

चीननं २००४ मध्ये ग्वांग फांगजीचा औषधी वापर थांबवला. तोवर ब्रसेल्सच्या कित्येक बायका डायलिसिसवर गेल्या होत्या.

हा धोका आपल्याही दाराशी आहे. गुळवेल यकृताला बाधते का, यावरून वाद झाला तेव्हा आयुष मंत्रालयानंच, तिच्या जागी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जात वापरली जाण्याची शक्यता बोलून दाखवली होती. म्हणून चूर्ण घेताना डबीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग छापला आहे का, ते पाहा. नसेल, तर डबी परत ठेवा.