जुन्या ट्रकची केबिन उतरवितांना

वऱ्हाडांतील एखाद्या जुन्या वाड्याच्या मागील अंगाला, कडुनिंबाच्या सावलींत, वर्षानुवर्षें उभा असलेला ट्रक आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. एके काळीं त्यानेंच कापूस जिनापर्यंत पोंचविला, सरकी-ढेप घरीं आणली आणि प्रसंगीं लग्नाचें वऱ्हाडहि वाहिलें. आतां भंगारवाला दरसाल येऊन किलोचा भाव सांगून जातो. अशा एका ट्रकला घरच्या घरींच पुन्हा पहिलें रूप देण्याचें मुर्तिजापूर तालुक्यांतील आमच्या एका स्नेह्यांनीं मनावर घेतलें आणि त्या खटाटोपांत हातभार लावण्याचा योग आम्हांस आला. इंजिन उघडतां येतें, चुकलें तर पुन्हा जुळवितां येतें. परंतु केबिन उचलतांना चूक झाली, तर एक तर पत्रा कायमचा वांकतो, नाहीं तर माणूस जायबंदी होतो. म्हणून त्या एकाच कामाविषयीं येथें लिहीत आहों.

हा ट्रक टाटा-मर्सिडीज-बेंझ बनावटीचा. जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशीं करार करून टाटांच्या जमशेदपूर येथील कारखान्यानें 1954 सालीं हे ट्रक काढण्यास आरंभ केला. 1969 सालीं तो करार संपला आणि नाकावरची तीन टोकांची चांदणी जाऊन तेथें टाटांचें चिन्ह आलें. त्या काळीं कित्येक गिऱ्हाइकें इंजिनासह नुसती चासी विकत घेत आणि केबिन गांवच्या किंवा शहरच्या सुताराकडून लांकडी सांगाडा करून त्यावर पत्रा ठोकून बांधवून घेत. तेव्हां आपली केबिन लोखंडी आहे कीं लांकडी, हें प्रथम पाहावें. लांकडी असल्यास ती अखंड टांगण्याच्या भरीस पडूं नये. सांधे कुजलेले असतात व खिळे आपली पकड सोडतात. ती जागेवरच सुटी करणें बरें. आमची लोखंडी होती.

लोखंडी झाली तरी तिचें बळ सर्वत्र सारखें नसतें. तें तळांत असतें, टपांत नसतें, ही गोष्ट आम्ही पूर्वीं एकदां नुकसान सोसून शिकलों आहों. रस्त्याकांठच्या एका गॅरेजांत, दोन्ही खिडक्यांतून दोर घालून टपावरून केबिन उचललेली आम्ही उभे राहून पाहिली. केबिन वर गेली खरी, परंतु दारांच्या चौकटी आंत दबल्या आणि तीं दारें पुढें कधींच नीट लागलीं नाहींत. म्हणून या वेळीं कांचा व दारें काढण्यापूर्वींच प्रत्येक दाराच्या चौकटींत लोखंडी पट्टीचा तिरपा आधार बोल्टानें आवळून घेतला. दार काढल्यावर हा आधार द्यावयाचा म्हटलें, तर चौकट तोंवर फांकलेली असते.

हौदा आधींच उतरविला होता. बॅटरी, तारा, वेगदर्शकाची केबल, क्लच व ब्रेकचे दांडे, स्टेअरिंग, आणि शेवटीं केबिन चासीला धरून ठेवणारे बोल्ट, हें सर्व सोडविलें. या बोल्टांजवळचा पत्रा बहुधा गंजानें खाल्लेला असतो. तेथेंच दोर बांधला तर पत्रा फाटून बोल्ट हातांत येतो. यास्तव केबिन जॅकनें एका बाजूस दोन बोटें, मग दुसऱ्या बाजूस दोन बोटें, अशी उचलीत प्रत्येक वेळीं गुटके सारले आणि तळाखालून दोन सागवानी बल्ल्या आरपार घातल्या. सारा भार या बल्ल्यांवर.

दोर या बल्ल्यांच्या टोकांस बांधून टपाच्या वर नेले, व ते टपास घासूं नयेत म्हणून मध्यें एक आडवी बल्ली घातली. तिच्या वरून ते आंकड्याकडे जातात. येथें एक हिशेब ध्यानीं ठेवण्याजोगा आहे. दोन दोर आंकड्याशीं जितके अधिक फांकतील तितका त्यांवरचा ताण वाढतो. दोहोंमधील कोन 60 अंश असेल तर चार क्विंटलच्या ओझ्यानें प्रत्येक दोरावर सुमारें सव्वादोन क्विंटल ताण येतो. तोच कोन 120 अंश झाला तर प्रत्येकावर पुरे चार क्विंटल. म्हणून दोर आंखूड पडला तर तो फांकवून वेळ मारून नेऊं नये, लांब दोर आणावा.

उचलण्यास वीस फुटी बल्ल्यांची तिकटी व अकोल्याहून भाड्यानें आणलेली एक टनाची चेन-पुली होती. तिकटीचे दोन पाय ट्रकच्या एका बाजूस व एक दुसऱ्या बाजूस ठेवले, म्हणजे ट्रकची वाट मोकळी राहते. आपल्या काळ्या जमिनीचा भरंवसा धरूं नये; ती ओली असतां दबते व उन्हाळ्यांत भेगाळते. प्रत्येक पायाखालीं शहाबादी फरशी घातली आणि पाय फांकूं नयेत म्हणून तिन्हींस साखळीचा वेढा दिला. ट्रकच्या वाटेवर ती साखळी उथळ चरांत पुरली. काम पहांटे सुरू केलें. मे महिन्यांत नऊ वाजल्यानंतर पत्र्यास हात लावतां येत नाहीं, आणि चटका बसलेला माणूस दोर सोडतो.

वीतभर उचलतांच केबिन एका कुशीवर कलली. कोणी तरी "ओढा" म्हणाला. म्हाताऱ्या मिस्त्रींनीं साखळी तशीच धरून ठेवली. पाहतों तों तळाशीं एक जाड तार सोडावयाची राहून गेली होती. ओढली असती तर तार न तुटतां तळच फाटला असता. वीतभरावर एकदां थांबून चहूंकडून पाहावें, हा त्यांचा जुना नेम.

मालकांचा विचार असा कीं लटकती केबिन दोरानें बाजूस ओढावी. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, केबिनले हात नोका लावू, गाडीच पुढं घ्या." टांगलेलें ओझें बाजूस ओढलें कीं तिकटीचा तोल जातो, उलट चासी स्वतःच्या चाकांवर असते. इंजिन केबिनच्या पुढें असल्यामुळें गाडी पुढेंच घ्यावयाची, म्हणजे खालून फक्त सपाट चासी जाते. मागचीं चाकें निघतील इतकी केबिन वर असली म्हणजे झालें. बैल जुंपण्याची सूचनाहि निघाली, पण बैल हिसका देतात. आठ माणसांनीं हळूहळू ढकललें, एक जण चाकामागें गुटका सारीत राहिला. या सबंध वेळांत केबिनखालीं कोणी डोकावलें नाहीं, मुलांस तर अंगणाबाहेरच ठेविलें होतें.

चासी निघतांच केबिन चार लांकडी घोड्यांवर उतरवून साखळी ढिली केली. मग तळ पाहिला. पावदानाजवळच्या घडींत काळ्या मातीचा थर दगडासारखा बसलेला, आणि त्यामागील पत्रा चाळणी झालेला. दोन हात लांबीचा पत्रा नवा घालावा लागेल. वरची बाजू मात्र जशीच्या तशी राहिली, आणि दारें लावून पाहिलीं तों तीं बोटानें लोटतांच बंद झालीं.